चाक घरंगळताना घर्षण नेमकं कोणत्या दिशेला?

लंबक (धागाकर्ता)

घर्षण नेहमी गतीच्या उलट दिशेला लागतं, हे वाक्य आपल्या सगळ्यांना तोंडपाठ असतं. टेबलावर ठोकळा सरकवला तर ते खरंही ठरतं. पण चाक, चेंडू, नळकांडं असं काही घरंगळायला लागलं की याच वाक्यापायी गणितं उलटी पडतात. शिकवताना हे वारंवार दिसतं, म्हणून हा धागा काढतोय.

सायकल घ्या. पेडल मारून वेग वाढवताना मागच्या चाकावर रस्त्याचं घर्षण पुढच्या दिशेला असतं आणि पुढच्या चाकावर मागच्या दिशेला. सायकल एकच, जातेय एकाच दिशेला, तरी दोन चाकांवर दोन उलट्या दिशा. मग 'गतीच्या उलट' हा नियम लावायचा कुठे?

माझं म्हणणं असं आहे की चाक कुठे चाललंय याच्याशी घर्षणाला काही देणंघेणं नसतं. चाकाचा जो बिंदू रस्त्याला टेकलाय तो रस्त्याच्या तुलनेत कुठे सरकतोय, किंवा घर्षण नसतं तर कुठे सरकला असता, तेवढंच पाहायचं. घर्षण त्या सरकण्याला विरोध करतं. मागच्या चाकाला साखळी फिरवते. घर्षण नसतं तर ते जागच्या जागी गरगरलं असतं आणि खालचा बिंदू मागे सरकला असता. म्हणून घर्षण पुढे. पुढच्या चाकाला फिरवणारं कुणी नाही, फ्रेम त्याला आसापाशी धरून पुढे ढकलते. घर्षण नसतं तर ते न फिरताच खालच्या बिंदूसकट पुढे सरकलं असतं. म्हणून तिथे घर्षण मागे. आणि त्याच घर्षणाच्या टॉर्कमुळे, म्हणजे फिरवू पाहणाऱ्या परिणामामुळे, पुढचं चाक फिरायला लागतं.

न घसरता घरंगळण्याची अट एका ओळीत मावते: केंद्राचा वेग = त्रिज्या × कोनीय वेग (म्हणजे फिरण्याचा वेग). चाकाच्या प्रत्येक बिंदूला दोन वेग असतात, एक चाक पुढे जातंय म्हणून आणि एक चाक फिरतंय म्हणून. तळाशी हे दोन्ही सारखे आणि उलट, म्हणून बेरीज शून्य. माथ्यावर दोन्ही एकाच दिशेला, म्हणून दुप्पट. सायकल ताशी २० किलोमीटरने जात असेल तर टायरचा माथा ताशी ४० ने जातोय आणि जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणी चक्क थांबलेला आहे. हे डोळ्यांनी बघता येतं. चालत्या सायकलचा बाजूने फोटो काढा, शटर जरा सावकाश ठेवा. खालचे आरे मोजता येतील इतके स्वच्छ येतात, वरचे पुसट होऊन एकमेकांत मिसळतात.

तळाचा बिंदू थांबलेला, म्हणून तिथलं घर्षण स्थैतिक, म्हणजे न घसरणाऱ्या स्पर्शावरचं. इथे आणखी एक गफलत होते. 'म्यू गुणिले लंब प्रतिक्रिया' (म्यू म्हणजे घर्षणाचा गुणांक, लंब प्रतिक्रिया म्हणजे जमीन वस्तूला काटकोनात ढकलते ते बल) हे स्थैतिक घर्षणाचं मूल्य नसून त्याची कमाल मर्यादा आहे. त्या मर्यादेच्या आत ते लागेल तेवढंच लागतं, कधी शून्यही असतं.

शंका, उदाहरणं, प्रतिवाद, सगळं येऊ द्या.

सावकाश

छान विषय. वाचनखूण साठवली. पहिली शंका लगेच विचारतो. सपाट जमीन आहे, साखळी नाही, कुणी ढकलत नाही, चेंडू एकसारख्या वेगाने घरंगळतोय. आता घर्षण किती?

लंबक

आदर्श कडक चेंडू आणि आदर्श कडक जमीन असेल तर शून्य. तळाचा बिंदू थांबलेलाच आहे आणि त्याला कुणी कुठे सरकवूही पाहत नाही, मग घर्षण विरोध कशाला करणार? अशा चेंडूखालची जमीन अचानक बर्फासारखी गुळगुळीत झाली तरी तो तसाच घरंगळत राहील.

पाना_तेरा

लंबक, सूत्र पटलं, पण माझं रोजचं काम चाकांशी आहे आणि प्रत्यक्षात प्रत्येक चाक थांबतं. घर्षण शून्य असेल तर थांबवतं कोण? हवा म्हणाल तर ते पुरेसं नाही. गाडी हाताने ढकलतो तेव्हा हवेचा विरोध जवळपास नसतो, तरी जोर लागतो. आणि टायरमध्ये हवा कमी असेल तर तो जोर केवढा वाढतो हे ज्याने ढकललंय त्याला विचारा.

गुणाकार

पाना_तेरा यांचा प्रश्न वाटतो त्याहून खोल आहे. जरा पुढे नेऊन बघू.

समजा चेंडूला थांबवणारं घर्षणच आहे आणि ते मागच्या दिशेला आहे. मग केंद्राचा वेग कमी होईल, हे ठीक. पण त्याच घर्षणाचा केंद्राभोवतीचा टॉर्क बघा. तळाशी मागे खेचणारं बल चेंडूला आणखी जोरात फिरवतं! म्हणजे वेग कमी होतोय आणि फिरकी वाढतेय. न घसरता घरंगळण्याची अट मोडली. बरं, घर्षण पुढच्या दिशेला धरा. फिरकी कमी होईल, पण वेग वाढेल. पुन्हा अट मोडली. दोन्ही वाटा बंद.

चेंडू कडक असेल तर फक्त घर्षणाने त्याचं घरंगळणं थांबवताच येत नाही. तरी चेंडू थांबतोच. म्हणजे तिसरं काहीतरी आहे.

लंबक

गुणाकार, अगदी नेमकं मांडलंत. ते तिसरं म्हणजे लंब प्रतिक्रिया.

आपण आकृतीत ती नेहमी बरोबर केंद्राखालून सरळ वर काढतो. तिथून गेली तर केंद्राभोवती तिचा टॉर्क शून्य. पण खरा चेंडू आणि खरी जमीन दोन्ही थोडे दबतात, त्यामुळे स्पर्श एका बिंदूत नसून एका लहान पट्ट्यात होतो. घरंगळताना या पट्ट्याचा पुढचा भाग दाबला जात असतो आणि मागचा भाग मोकळा होत असतो. पदार्थ पूर्ण लवचिक असता तर मागच्या भागाने तेवढ्याच जोराने परत ढकललं असतं आणि हिशेब जुळला असता. रबर, लाकूड, माती, इतकंच काय पोलादसुद्धा तसं वागत नाही. दाबताना घेतलेली ऊर्जा पूर्ण परत मिळत नाही, काही आतच उष्णता होऊन जाते. म्हणून पुढचा भाग जास्त जोराने वर ढकलतो, मागचा कमी. सगळ्याची बेरीज केली की लंब प्रतिक्रिया केंद्राच्या किंचित पुढून वर जाताना दिसते. हे अंतर लहान असतं, पण तेवढ्याने तिचा टॉर्क फिरकीच्या विरुद्ध लागतो.

आता गुणाकार यांचा पेच सुटतो. थोडंसं घर्षण मागे आहे, ते केंद्राचा वेग कमी करतं. त्याचा टॉर्क फिरकी वाढवू पाहतो, पण पुढे सरकलेल्या लंब प्रतिक्रियेचा टॉर्क त्याहून मोठा असतो. वेग आणि फिरकी जोडीने उतरतात, अट टिकून राहते, आणि चेंडू न घसरता थांबतो. चाक जणू स्वतःच केलेल्या खळग्यातून सतत बारीक चढ चढत असतं.

पाना_तेरा

आता टायरचं कोडं उलगडलं. हवा कमी म्हणजे टायर जास्त दबणार, रबर प्रत्येक फेरीत जास्त वाकणार, म्हणून आतच जास्त ऊर्जा जाणार. कमी हवेवर लांब पल्ला मारून आलेल्या टायरच्या बाजूला हात लावला तर तो चांगलाच तापलेला असतो. घसरून तापायचं असतं तर नक्षी तापली असती, इथे बाजूची भिंत तापते, कारण वाकते ती.

लंबक

फार मोलाचं निरीक्षण. या विरोधाचे आकडे देतो, फरक किती प्रचंड आहे ते कळेल. चाकाला एकसारख्या वेगाने ओढत ठेवायला लागणारं बल भागिले त्यावरचं वजन, हा गुणांक. रुळावरच्या पोलादी चाकासाठी तो साधारण ०.००१ ते ०.००२, डांबरी रस्त्यावर मोटारीच्या टायरसाठी ०.०१ ते ०.०१५, मोकळ्या वाळूत ०.२ ते ०.३ पर्यंत. म्हणजे सपाट, सरळ रुळावर एक टन भार चालता ठेवायला एक-दोन किलो वजनाएवढं बल पुरतं. वाळूत त्याच भाराला दोन-तीनशे किलोचं लागतं.

मोठं चाक हलकं का चालतं, तेही यातच आहे. हा गुणांक म्हणजे लंब प्रतिक्रिया जितकी पुढे सरकली ते अंतर भागिले त्रिज्या. अंतर साधारण तेच राहिलं आणि त्रिज्या वाढली की विरोध उतरतो. फ्रेंच शास्त्रज्ञ कुलोंबने १७८० च्या दशकात लाकडी नळकांडी घरंगळवून प्रयोग करून हाच कल नोंदवला होता. पुढे ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८७६ मध्ये रबर वापरून दाखवलं की स्पर्शाच्या पट्ट्यात पदार्थ ताणला-दबला जातो आणि तिथे सूक्ष्म सरकणंही होतं.

आरा

धागा आवडला. मला उताराबद्दल विचारायचंय. एकाच उतारावर भरीव गोळा, भरीव नळकांडं, पोकळ गोळा आणि कडं एकदम सोडलं तर आधी कोण पोहोचतं? मी वजनदार वस्तू पुढे जाईल असं धरून चालले होते.

गुणाकार

वजनाचा संबंधच नाही, त्रिज्येचाही नाही! फक्त वस्तुमान आसापासून किती दूर वाटलेलं आहे याचा संबंध आहे.

जडत्व आघूर्ण (वस्तू फिरवायला किती जड जाते त्याचं माप) भागिले (वस्तुमान × त्रिज्येचा वर्ग) याला 'क' म्हणू. भरीव गोळ्याला क = २/५, भरीव नळकांड्याला १/२, पोकळ गोळ्याला २/३, कड्याला १. उतारावरून खाली येतानाचं त्वरण = ग × साइन थीटा ÷ (१ + क), इथे ग म्हणजे गुरुत्व त्वरण आणि थीटा म्हणजे उताराचा कोन. वस्तुमान आणि त्रिज्या गणितातून गळून जातात. म्हणून नुसतं सरकताना जेवढं त्वरण असतं त्याच्या ५/७ गोळ्याला, २/३ नळकांड्याला, ३/५ पोकळ गोळ्याला आणि निम्मं कड्याला. पोहोचण्याचा क्रमही हाच. गोटीएवढा भरीव गोळा आणि डोक्याएवढा भरीव गोळा बरोबरीने पोहोचतात.

इथेही घर्षणाची दिशा बघा. उतारावर ते वरच्या दिशेला असतं, कारण ते नसतं तर वस्तू न फिरता खाली घसरली असती. केंद्राच्या वेगातून ते काही काढून घेतं आणि तेवढंच फिरकीला देतं. तळाचा बिंदू थांबलेला असल्यामुळे एकूण कार्य शून्य. ऊर्जा कुठेही वाया जात नाही, फक्त तिची वाटणी होते.

आरा

मग डब्यात पातळ द्रव भरला असेल तर? आणि तोच द्रव आत गोठला असेल तर?

गुणाकार

पातळ द्रवाचा डबा जिंकतो. भिंत फिरते, पण आतला द्रव तिच्याबरोबर फारसा फिरत नाही, नुसता पुढे जातो. फिरकीत जाणारी ऊर्जा वाचते. गोठला की सगळं एकत्र फिरणार, म्हणजे तो भरीव नळकांड्यासारखा वागणार. अधलंमधलं घट्ट तेल असेल तर ते भिंतीबरोबर फिरू बघतं पण मागे पडतं, थर एकमेकांवर घासतात आणि ऊर्जा खरोखरच जाते.

सावकाश

लंबक म्हणाले स्थैतिक घर्षणाला मर्यादा असते. उतार वाढवत नेला तर कधीतरी सगळंच घसरायला लागेल ना? आधी कोण?

लंबक

कडं. उतारावर घरंगळायला लागणारं घर्षण 'क'बरोबर वाढतं. अट अशी निघते: म्यू निदान क ÷ (१ + क) × टॅन थीटा इतका हवा. गोळ्याला २/७ टॅन थीटा, कड्याला १/२ टॅन थीटा. समजा म्यू ०.३ आहे. कडं साधारण ३१ अंशांपर्यंत न घसरता येईल, भरीव गोळा ४६ अंशांपर्यंत. मधल्या कोनांवर तीच फळी कड्याला निसरडी असते आणि गोळ्याला नसते.

एक आठवलं ते इथेच लिहितो. गॅलिलिओने उतारावरून कांस्याचा गोळा सोडून मोजमापं केली, त्याचं वर्णन १६३८ च्या त्याच्या ग्रंथात आहे. लाकडात खोबण कोरलेली, तिला आतून गुळगुळीत चर्मपत्र लावलेलं, आणि वेळ मोजायला भांड्यातून गळणाऱ्या पाण्याचं वजन. त्याचा गोळा घरंगळत होता, सरकत नव्हता. म्हणजे त्याला ५/७ चा फटका बसतच होता. किंबहुना जास्तच, कारण खोबणीच्या दोन कडांवर टेकलेला गोळा आपल्या पूर्ण त्रिज्येवर घरंगळत नाही. कडांपासून आसापर्यंतचं उभं अंतर त्रिज्येहून कमी असतं, तेवढंच पुढे जायला त्याला जास्त फिरावं लागतं, म्हणून फिरकीत जास्त ऊर्जा जाते. तरी त्याचा निष्कर्ष अबाधित राहिला, कारण तो अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं का हे तपासत होता. ५/७ असो की अजून काही, तो एकच आकडा सगळीकडे गुणला जातो, प्रमाण तसंच राहतं. प्रश्न कसा विचारला होता ते बघून मला त्याच्याबद्दल फार आदर वाटतो.

रानवारा

मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही, पण एक गोष्ट कायम चकवते. दोऱ्याचं रीळ जमिनीवर आडवं ठेवलंय, दोरा आतल्या गाभ्याच्या खालच्या बाजूने सुटलाय. दोरा माझ्याकडे आडवा ओढला की रीळ उलगडून लांब जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात ते माझ्याकडे येतं आणि दोरा गुंडाळला जातो! दोरा वर उचलून ओढला की मात्र लांब पळतं. असं का?

लंबक

रानवारा, या धाग्यासाठी याहून चांगला प्रयोग नाही. विज्ञान शिकलेल्यांनाही हा चकवतो, कारण सगळे केंद्राभोवतीचा टॉर्क काढायला जातात. तिथे दोऱ्याचा टॉर्क एका बाजूला, घर्षणाचा दुसऱ्या, आणि घर्षण किती ते माहीत नाही. गुंता होतो.

टॉर्क जमिनीला टेकलेल्या बिंदूभोवती काढा. घर्षण, लंब प्रतिक्रिया आणि वजन, तिन्ही बलांच्या रेषा त्याच बिंदूतून जातात, म्हणून त्यांचा टॉर्क शून्य. उरला फक्त दोरा. आता दोऱ्याची रेषा जमिनीकडे वाढवून बघा. दोरा आडवा असताना ती टेकलेल्या बिंदूच्या वरून जाते, म्हणून रीळ त्या बिंदूवरून तुमच्याकडे कलतं, म्हणजेच तुमच्याकडे घरंगळतं. दोरा पुरेसा उचलला की ती रेषा टेकलेल्या बिंदूच्या तुमच्याकडच्या बाजूला जमिनीला भेटते. टॉर्कची दिशा उलटते आणि रीळ पळतं.

मध्ये एक कोन असा येतो जिथे रेषा बरोबर टेकलेल्या बिंदूतून जाते. त्या कोनावर रीळ कुठल्याच बाजूला घरंगळत नाही. जोर वाढवला तर न फिरता तसंच सरपटत येतं. त्या कोनाचा कोसाइन = गाभ्याची त्रिज्या ÷ बाहेरच्या कडेची त्रिज्या. गाभा कडेच्या निम्मा असेल तर कोन ६० अंश. बलांचा एकही आकडा माहीत नसताना हे सांगता येतं.

रानवारा

आत्ताच करून बघितलं. दोरा हळूहळू उचलत गेलो तर एका जागी रीळ खरंच अडलं आणि नुसतं सरपटलं. टेकलेल्या बिंदूतून रेषा काढून बघणं एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. खूप आभार.

पाना_तेरा

गाडीतल्या टॉर्कबद्दल थोडं. लोक म्हणतात इंजिनाचा टॉर्क जास्त म्हणजे गाडी जास्त जोरात सुटणार. अर्धंच खरं आहे. समजा इंजिन १०० न्यूटन-मीटर देतंय आणि पहिल्या गिअरमध्ये सगळं मिळून १४ पट होतंय, तर चाकांपर्यंत १४०० पोहोचतात (मधलं नुकसान सोडून देऊ). चाकाची त्रिज्या ०.३ मीटर धरली तर रस्त्यावर साधारण ४७०० न्यूटन बल. आता त्या आसावर ६०० किलो भार असेल आणि कोरड्या रस्त्यावर म्यू ०.८ असेल तर रस्त्याची कमाल मर्यादाही ४७०० च्याच आसपास निघते. रस्ता ओला झाला, म्यू ०.५ वर आला, की मर्यादा ३००० च्या खाली. उरलेला टॉर्क गाडीला पुढे नेत नाही, चाक जागेवर फिरवतो. गाडीला पुढे ढकलतो तो शेवटी रस्ताच.

सावकाश

मग ब्रेक लावतानाही हीच मर्यादा. एबीएस नेमकं काय करतं?

लंबक

चाक पूर्ण जाम होऊ देत नाही. रबर रस्त्याच्या तुलनेत थोडंसं, साधारण १० ते २० टक्के, मागे पडत फिरत असतं तेव्हा पकड सगळ्यात जास्त असते. चाक पूर्ण अडकलं की ती उतरते.

पण मोठा फायदा दिशेचा आहे, आणि तो पुन्हा आपल्या मूळ मुद्द्याशी येऊन भिडतो. जाम झालेलं चाक घसरत असतं. घसरणाऱ्या स्पर्शावर घर्षण घसरण्याच्या बरोबर उलट दिशेला लागतं, चाकाचं तोंड कुठेही असलं तरी. स्टिअरिंग कितीही वळवा, रस्ता मागेच खेचणार, बाजूला ढकलणार नाही. चाक फिरत राहिलं तरच त्याला बाजूचं बल मिळतं आणि गाडी वळते.

आरा

स्नूकरचा चेंडू मध्यावर मारला तर आधी सरकतो आणि मग घरंगळायला लागतो, हे ऐकलंय. शेवटचा वेग कापड किती खरखरीत आहे त्यावर ठरत असेल ना?

गुणाकार

नाही, आणि भौतिकशास्त्रातला हा माझा सगळ्यात आवडता निकाल आहे. सुरुवातीचा वेग काहीही असो, कापड कसंही असो, घरंगळायला लागेल तेव्हा वेग सुरुवातीच्या ५/७ असतो. सरकताना घर्षण मागे खेचतं, म्हणून वेग उतरतो. त्याच वेळी त्याचा टॉर्क फिरकी वाढवतो. दोन्ही एकमेकांना गाठतात तिथे घसरणं संपतं आणि घर्षणही नाहीसं होतं. कापड खरखरीत असेल तर ही गाठ लवकर पडते, गुळगुळीत असेल तर उशिरा. पण कुठल्या वेगावर पडेल ते बदलत नाही.

आकड्यांत बघा. ७ मीटर प्रति सेकंदाने न फिरता सुटलेला भरीव गोळा, म्यू ०.२. साधारण एका सेकंदानंतर, ६ मीटर गेल्यावर तो ५ मीटर प्रति सेकंदाने घरंगळू लागतो. म्यू ०.४ केला तर अर्ध्या सेकंदात, ३ मीटरवर, आणि वेग पुन्हा ५ च. कारण सरळ आहे: टेबलाच्या पृष्ठभागावरच्या, चेंडूच्या वाटेतल्या कुठल्याही बिंदूभोवती घर्षणाचा टॉर्क शून्य, म्हणून त्या बिंदूभोवतीचा कोनीय संवेग (टॉर्क लागल्याशिवाय न बदलणारं फिरण्याचं माप) कायम. गतिज ऊर्जेतला २/७ भाग दोन्ही वेळा उष्णतेत जातो.

आणि काठी मध्यावर न मारता केंद्राच्या वर त्रिज्येच्या २/५ उंचीवर, म्हणजे टेबलापासून व्यासाच्या ७० टक्क्यांवर आडवी मारली, तर चेंडू पहिल्या क्षणापासून घरंगळतो. सरकण्याचा टप्पाच येत नाही.

सावकाश

+१. याच प्रकारातलं एक: कडं पुढे फेकताना उलटी फिरकी दिली तर ते थोडं जाऊन परत येतं. तिथे घर्षण दिशा बदलतं का?

लंबक

घसरत असताना कधीच नाही. तळाचा बिंदू दोन कारणांनी पुढे सरकतोय, एक कडं पुढे जातंय म्हणून आणि दुसरं उलट्या फिरकीमुळे. म्हणून घर्षण सतत मागेच. ते पुढचा वेगही खातं आणि उलटी फिरकीही खातं. आधी कोण संपतं एवढाच प्रश्न. वेग आधी संपला आणि फिरकी शिल्लक राहिली तर तेच घर्षण कड्याला परत आणतं. घसरणं संपेल तेव्हा ते मागच्या दिशेने घरंगळत असतं.

अट अशी: त्रिज्या × उलटी फिरकी ही सुरुवातीच्या वेगाच्या १/क पटींहून जास्त हवी. कड्याला १ पट पुरते. भरीव गोळ्याला अडीच पट लागते, म्हणून कडं सहज परत येतं आणि भरीव चेंडू येत नाही.

पाना_तेरा

टेबल टेनिसचा चेंडू मात्र येतो. टेबलावर ठेवून मागच्या कडेवर बोटाने खाली दाबला की निसटून पुढे पळतो आणि फिरून परत येतो. फक्त बोट किती मागे ठेवतो त्यावर आहे. माथ्याजवळ दाबला की पुढे जाऊन तिथेच रेंगाळतो.

लंबक

तो पोकळ आहे, क = २/३, त्याला दीड पट पुरते. आणि बोटाने दाबून निसटवण्यात तेवढी फिरकी सहज मिळते. परत येण्याआधी तो अगदी क्षणभर जागेवर फिरताना दिसतो तेव्हा केंद्राचा वेग शून्य असतो, पण टेबलाला टेकलेला बिंदू अजून पुढेच घसरत असतो, आणि घर्षण त्याला मागे ढकलत असतं.